अंगणातल्या लिलीचे मूळ गाव

वैशाखात वळवाची एखादी सर पडून गेली की गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारात एक गंमत घडते. तुळशीवृंदावनाच्या कडेला, बल्कांवाच्या पायऱ्यांपाशी, विहिरीच्या काठाला, जिथे कालपर्यंत नुसती कोरडी माती दिसत होती तिथून एक जाड पोकळ दांडा सरळ वर येतो. पान नाही, फांदी नाही, नुसता दांडा. चार दिवसांत त्याच्या टोकाला केशरी-तांबडी, कर्ण्यासारखी फुले उमलतात. घरातल्या बाईंना विचारा, "हे कसले फूल?" उत्तर येते, "लिली." पावसाळ्यात त्याच परसात लांब पातळ पाकळ्यांची, मधे पडद्यासारखी वाटी असलेली पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. तीही लिली. पहिल्या पावसानंतर कुंडीच्या काठावर गवतासारख्या पात्यांतून गुलाबी चांदण्या वर येतात. त्याही लिलीच!

आणि खरे सांगायचे तर या तिन्हींपैकी एकही लिली नव्हे.

आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "तुमचे मूळ गाव कुठले?" गाव कळले की देव कळतो, आडनावाचा उलगडा होतो, जेवणाची आवडनिवड कळते, आणि मग त्याच्याशी कसे वागायचे हेही उमगते. हाच प्रश्न फुलझाडाला विचारावा असे माझे मत आहे. लिली लावली पण फुलली नाही, दुसऱ्या वर्षी कांदाच कुजला, नुसती पाने येतात, अशा तक्रारी आपण नेहमी ऐकतो. त्या बहुतेक तक्रारींचे उत्तर खतात किंवा औषधात नसते. ते त्या कांद्याच्या मूळ गावात असते. म्हणून आज लिलीच्या लागवडीबद्दल लिहिताना तिच्या इतिहासापासून सुरुवात करतो.

खरी लिली म्हणजे वनस्पतीशास्त्रात जिला लिलियम म्हणतात ती. तिच्या सुमारे शंभर जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या उत्तर गोलार्धातल्या थंड किंवा समशीतोष्ण प्रदेशातल्या. माणसाचे तिच्यावरचे प्रेम फार जुने. क्रीट बेटावर आम्निसोस येथे एका घराच्या भिंतीवर साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पांढऱ्या लिली रंगवून ठेवल्या आहेत. पुढे ख्रिस्ती परंपरेत हीच पांढरी लिली मारिया मातेच्या पावित्र्याची खूण झाली. आपल्या गोव्यातल्या चर्चमध्ये सांत आंतोनीच्या हातात, सांत जुझेच्या काठीवर जे पांढरे फूल दिसते ते हेच. सांत आंतोनी हा मूळचा लिस्बनचा, जन्म ११९५ चा. त्याच्या मूर्तीबरोबर लिली गोव्यात आली, पण ती लाकडाची. मातीतली लिली मात्र इथे रुजली नाही.

का रुजली नाही? कारण तिच्या गावी हिवाळा असतो. खऱ्या लिलीच्या कांद्याला फुलाची तयारी करण्यासाठी थंडीची झोप लागते. ईस्टरच्या सणाला जगभर विकली जाणारी पांढरी लिली घ्या. ती मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या रिऊक्यू बेटांवरची आणि तैवानची, म्हणजे लिलींमध्ये त्यातल्या त्यात उबदार हवेतली. तरीसुद्धा तिला वेळेवर फुलवायचे तर कांदे सुमारे सहा आठवडे चार ते सात अंश तापमानात ठेवतात. आमच्या पणजीत पौषातल्या पहाटेही पारा क्वचितच अठराच्या खाली उतरतो. आपण ज्याला थंडी म्हणून स्वेटर घालतो, ती लिलीच्या दृष्टीने थंडीच नव्हे.

भारतात खऱ्या लिली नाहीत असे मात्र नाही. निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांवर लांब नळीची पांढरी लिली रानात उगवते. मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यात शिरुईच्या डोंगरावर फिकट गुलाबी झाक असलेली एक लिली आहे. १९४६ साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतीसंशोधकाने ती जगापुढे आणली आणि तिला आपल्या पत्नीचे, जीन मॅकलिनचे नाव देण्यात आले. आज ती मणिपूरचे राज्यपुष्प आहे. तिला शिरुईवरून खाली आणली की ती रुसते, असे तिथले लोक सांगतात. दोन्ही जागा डोंगरमाथ्याच्या, धुक्याच्या, थंडीच्या. देश एकच असला म्हणून गाव एक होत नाही.

हल्ली म्हापशाच्या किंवा मडगावच्या रोपवाटिकेत रंगीत चित्राच्या पिशवीतून एशियाटिक लिलीचे कांदे मिळतात. पहिल्या वर्षी ते सुरेख फुलतात, कारण ते शीतगृहातून आलेले असतात. हिवाळ्याची झोप त्यांना विकतच घेऊन दिलेली असते. दुसऱ्या वर्षी नुसती पाने येतात, तिसऱ्या वर्षी काहीच नाही. यात माळणीच्या हाताचा दोष नाही. पाहुणा आला, चार दिवस राहिला, गेला, असे समजावे. फारच हौस असेल तर कांदे डिसेंबरात काढून, ओलसर भुशात गुंडाळून, फ्रीजच्या भाजीच्या खणात सहा-आठ आठवडे ठेवावेत. पण शेजारी पिकलेली फळे ठेवू नयेत, फळांतून सुटणाऱ्या वायूने आतला कळा मरतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा जी झाडे आपण होऊन आपल्या हवेत रमली त्यांच्याकडे वळलेले बरे.

लिली इथली नव्हती, म्हणून मराठीला तिच्यासाठी शब्दही नव्हता. बायबलात रानातल्या लिलींचा प्रसिद्ध उल्लेख आहे. मराठी बायबल करणाऱ्यांपुढे प्रश्न पडला असणार की, जे फूल वाचकाने पाहिलेच नाही ते सांगायचे कसे? त्यांनी शब्द योजला 'भूकमळ', म्हणजे जमिनीवरचे कमळ. मला हा शब्द फार आवडतो. पाण्यातले कमळ आम्हाला ठाऊक होते, त्याला जमिनीवर आणून बसवले की झाली लिली.

त्याही आधीची एक गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ज्या धर्मपरंपरेत लिली हे सर्वांत पवित्र फूल, त्या परंपरेतला हा माणूस. पण मराठी भाषेची थोरवी गाताना फुलांतली श्रेष्ठ म्हणून त्याने मोगरीचा दाखला दिला. माणूस ज्या मातीत रुजतो त्या मातीतलेच फूल त्याला आठवते, हे त्याने नकळत दाखवून दिले आहे.

आता दुसरा एक मराठीप्रेमी पाद्री आठवतो. विल्यम कॅरी. मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो तो १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला छापलेल्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० च्या मराठी-इंग्रजी कोशामुळे. एम.ए.च्या वर्गात आम्हाला एवढेच शिकवले होते. पुढे वाचनात आले की हाच कॅरी श्रीरामपूरच्या मिशनच्या आवारात मोठी बाग करीत होता, देशोदेशींचे कांदे मागवत होता आणि इकडचे तिकडे पाठवत होता. १८२० साली त्याने कलकत्त्यात शेती आणि बागकामासाठी एक संस्था स्थापन केली. रॉक्सबर्गचा 'फ्लोरा इंडिका' हा भारतीय वनस्पतींचा मोठा ग्रंथ त्यानेच संपादून श्रीरामपूरच्या छापखान्यातून काढला. रॉक्सबर्गने एका भारतीय वृक्षाला त्याचे नाव दिले, करेया. हा वृक्ष म्हणजे आपला कुंभा. सत्तरी-सांग्याच्या रानात जाल तेव्हा कुंभ्याच्या झाडाखाली क्षणभर थांबा. मराठीच्या व्याकरणकाराचे नाव ते झाड मिरवते आहे. आणि इंग्लंडमध्ये विल्यम हर्बर्ट नावाचा दुसरा एक पाद्री याच कुळातल्या फुलांचा अभ्यास करीत होता, त्यानेही एका फुलाला कॅरीचे नाव दिले.

हा हर्बर्ट आपल्या अंगणातल्या 'लिलीं'च्या कहाणीतला महत्त्वाचा माणूस. लिनियसने १७५३ साली वनस्पतींची नावे लावली तेव्हा कर्ण्यासारखी पुष्कळशी फुले त्याने एकाच ढिगात टाकली होती. हर्बर्टने १८२१ च्या सुमारास तो ढीग निवडला. अमेरिका खंडातल्या केशरी-तांबड्या मोठ्या फुलांना त्याने हिपिएस्ट्रम म्हटले, आणि पावसात फुलणाऱ्या छोट्या फुलांना झेफिरँथस. झेफिरस हा ग्रीकांचा पश्चिमवाऱ्याचा देव. पश्चिमेकडून, अटलांटिकपलीकडून आलेली म्हणून पश्चिमवाऱ्याची फुले. हर्बर्ट कधी कोकणात आला नव्हता. पण जूनच्या आरंभी समुद्रावरून वारा सुटतो, पाऊस येतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती गुलाबी फुले उमलतात, तेव्हा हे नाव त्याने आमच्यासाठीच ठेवले असावे असे वाटते.

तर दारातल्या तीनही लिली अमेरिकेच्या. काजू, मिरची, अननस, पपई, पेरू यांच्याच देशातल्या. केशरी-तांबडी मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली. पांढरी कोळी लिली, म्हणजे हायमेनोकॅलिस, मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यालगतची. पावसाळी गुलाबी लिली मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची, पिवळी युकातानची, आणि पांढरी त्याहून दक्षिणेची, अर्जेंटिना-उरुग्वेकडची. युरोपातल्या दर्यावर्दी लोकांनी नवे फूल पाहिले की त्याला आपल्या घरच्या फुलाचे नाव देऊन टाकले. इंग्रजाने 'लिली' म्हटले, पोर्तुगिजाने 'असुसेना'. त्यांचे नाव आम्ही उचलले.

पण मग अमेरिकेची फुले इथे रुजली आणि युरोपची का नाही? याचे उत्तर कांदा हातात घेतला की मिळते. खऱ्या लिलीचा कांदा उघडा असतो. सुट्या खवल्यांचा, लसणीच्या सोललेल्या पाकळ्या एकत्र बांधाव्यात तसा. त्याला वर साल नसते. तो चार दिवस उन्हात राहिला तर सुकतो. याउलट आमच्या परसातल्या लिलीचा कांदा स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखा असतो. पापुद्र्यावर पापुद्रा आणि वर कोरडे तपकिरी कागदी वेष्टण. त्याच्या मूळ गावी वर्षातले काही महिने कडकडीत कोरडे जातात आणि मग पाऊस कोसळतो. कोरड्या महिन्यांत पाणी आत साठवून झोपायचे आणि ओल लागली की उठायचे, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. असा कांदा कुठल्याही पेटीत घालून महिनोन् महिने जहाजातून आणता येतो. आणि उतरल्यावर त्याला इथे काय सापडले? आठ महिने कोरडे आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस! तो घरीच आल्यासारखा वाटला असेल. तेव्हा कांदा विकत घेताना साधी परीक्षा करा. साल आहे का? असेल तर तो आपल्याकडे टिकेल असे धरून चालायला बहुधा हरकत नाही. साल नसेल तर तो थंडी मागणार.

ही सालीची परीक्षा शास्त्रालाही पुढे पटली म्हणायची. जुन्या पुस्तकांत, उदाहरणार्थ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कूकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरामध्ये, लिलीचे कूळ अवाढव्य होते. कांदा-लसूणसुद्धा त्यातच. आता जनुकांच्या अभ्यासावरून ती जुनी कुटुंबव्यवस्था मोडली. २००९ च्या वर्गीकरणात कांदा आणि लसूण यांना आमच्या केशरी लिलीच्या, कोळी लिलीच्या कुळात बसवले आहे. म्हणजे दारातली लिली ही खऱ्या लिलीपेक्षा स्वयंपाकघरातल्या लसणीची जवळची नातेवाईक! नैवेद्यात कांदा-लसूण चालत नाही, पण त्यांची बहीण देवाच्या पायाशी बसलेली असते. असो. नाते जवळचे असले तरी हे कांदे विषारी असतात. चुकून खाल्ले तर ओकाऱ्या होतात. घरात लहान मुले असतील तर काढलेले लिलीचे कांदे भाजीच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत. गुरे त्यांच्या पानांना तोंड लावत नाहीत यातले गुपितही हेच.

आता लागवडीचे. गाव कळले की रीत आपोआप सुचते.

केशरी लिलीचा कांदा जमिनीत पुरा पुरू नये. त्याचा वरचा तिसरा हिस्सा उघडा राहू द्यावा. पाऊस दांडगा असल्यामुळे मान मातीत गेली की कांदा कुजतो. जागा चढाची हवी, पागोळीखालची नको. कुंडी असेल तर कांद्यापेक्षा दोन-तीन बोटेच मोठी असावी. ऐसपैस जागा मिळाली की ही लिली पिल्ले घालीत बसते, फुलत नाही. डिसेंबरपासून पाणी तोडावे. पाने पिवळी पडताना वाईट दिसतात म्हणून कापू नयेत, पुढच्या वर्षीचे फूल त्या पानांनीच कांद्यात भरून ठेवायचे असते. मार्चमध्ये चुलीची राख आणि कुजलेले शेणखत वरून पसरावे आणि पहिल्या सरीची वाट पाहावी. पाणी दिले तर आधी फुलेल, पण वाट पाहण्यात जास्त मजा आहे.

कोळी लिली किनाऱ्याची लेक. चिऱ्याची जमीन, खारा वारा, मोरीचे पाणी, सगळे तिला चालते. मात्र आंब्या-फणसाच्या दाट सावलीत ती नुसती पाने वाढवते. निदान अर्धा दिवस ऊन हवे. तीन-चार वर्षांनी गड्डा फोडून कांदे वेगळे करावेत. तिची फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री त्यांना वास येतो, कारण तिची वाट पाहणारे पतंग रात्रीचे. म्हणून ती झोपण्याच्या खोलीच्या खिडकीजवळ लावावी.

पावसाळी लिली एकटीदुकटी लावू नये. दोन इंच खोल, जवळजवळ, एका पसरट कुंडीत पंचवीस-तीस कांदे लावावेत आणि पूर्ण उन्हात ठेवावे. तिला फुलवायची युक्ती म्हणजे तहान. माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि मग एकदम भिजवायची. रोज थोडे थोडे पाणी घालणाऱ्या प्रेमळ माणसाकडे ती फुलत नाही.

पावसाळ्यात या सगळ्यांवर एक संकट येते. काळी, अंगावर पांढरे ठिपके आणि तांबूस खुणा असलेली अळी. एका रात्रीत पाने फस्त करते आणि कधी कधी कांद्यातही शिरते. पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके दिसले की ते पान तोडून टाकावे, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि मोसम संपल्यावर माती उकरून कोष उन्हात पडू द्यावेत. घरगुती बागेला एवढे पुरते. पण या अळीचाही इतिहास आहे. तिचा पतंग या देशातलाच. त्याच्या शास्त्रीय नावातच 'ग्लोरिओसी' शब्द आहे, म्हणजे कळलावीवरचा. आमच्या रानातल्या कळलावीवर आणि गडांबी कांद्यावर तो पिढ्यानुपिढ्या जगत होता. अमेरिकेची पाहुणी दारात आली तेव्हा त्याने तिला लगेच ओळखले आणि पंगतीला बसला! शास्त्रज्ञांनी शंभर-दोनशे वर्षे नावांचा घोळ घातला, पण अळीला नाव विचारावे लागले नाही.

अळीमुळेच आपण आपल्या स्वतःच्या लिलींपाशी येतो. कारण भूकमळे आपल्याकडेही होती, फक्त त्यांना लिली म्हणत नव्हते.

कळलावी ही त्यातली राणी. भाद्रपदात कुंपणावर चढते, पानाच्या टोकाने आधार धरते, आणि पिवळ्या-तांबड्या ज्वाळेसारखी फुलते. म्हणून ती अग्निशिखा. पाकळ्या वाघाच्या नखांसारख्या वळतात म्हणून वाघनखी. तिचा कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. आणि बाळंतपणाच्या कळा लावायला जुन्या काळी वापरत म्हणून कळलावी. नावाचा दुसरा अर्थ धरून लोक म्हणतात, दारात लावू नये, घरात भांडणे लागतात. माझ्या मते या समजुतीमागे शहाणपण आहे. तिच्यात कोल्चिसिन हे जहाल विष असते. तेच विष मोजून दिले तर सांधेदुखीच्या एका प्रकारावर औषध ठरते, आणि त्यासाठी तमिळनाडूत तिची शेती होते. तमिळनाडूचे ती राज्यपुष्प आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे. लावायची असेल तर मुलांच्या हाताला येणार नाही अशा कुंपणाला, कंद आडवा ठेवून, टोकाचा डोळा न मोडता लावावी. तो डोळा मोडला की कंद फुटत नाही.

या फुलाची नोंद १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापल्या गेलेल्या 'होर्तुस मलबारिकुस'च्या बारा खंडांत आहे. कोचीचा डच अधिकारी व्हान रेडे याने तो ग्रंथ करवून घेतला. ती माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून कोचीला गेलेल्या समाजातली ही माणसे. १६७५ साली त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्या खंडात तसाच छापला आहे, आणि चित्रांवर नावे नागरीतही आहेत. ज्यांना गाव सोडावे लागले त्यांनी झाडांची नावे मात्र सोडली नाहीत.

कळलावीच्या बरोबरीने गडांबी कांदा. काहीजण त्याला नागदवणा म्हणतात. ओढ्याकाठी, पाणथळ जागी पांढऱ्या फुलांचे झुबके धरून उभा असतो. आणि मग आमच्या सड्यांवरची फुले. सडा म्हणजे चिऱ्याचे उघडे पठार. मे महिन्यात तिथे पाहिले तर तव्यासारखी तापलेली काळी-तांबडी कातळाची जमीन. पण पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी जा. खाचखळग्यांत साठलेल्या बोटभर मातीतून पांढरी फुले उठलेली असतात. कोकणच्या सड्यांवरची दीपकाडी त्यातलीच. हिचे शास्त्रीय नावच 'कोंकणेन्स' असे आहे. एकोणिसाव्या शतकात डाल्झेलने तिची नोंद केली. जगात ती आमच्या या किनारपट्टीतच आहे. बोटभर मातीत आठ महिने कोरडे काढणारा हा कांदा. त्याला खत नको, कुंडी नको, माळी नको. त्याला फक्त सडा हवा.

आणि सडाच राहत नाही. सरकारी कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात सडा म्हणजे पडीक, ओसाड, निरुपयोगी जमीन. मग तिथे औद्योगिक वसाहत बसते, चिरेखाण निघते, बंगल्यांचे प्लॉट पडतात. वेर्ण्याच्या पठारावर वसाहत झाली, मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. विमानतळ नको होता असे मी म्हणत नाही. नोकऱ्या लागतात, रस्ते लागतात. पण सडा मोजणाऱ्या माणसाने तो मे महिन्यात मोजलेला असतो. त्याला कातळाशिवाय काय दिसणार? तीच जमीन जूनच्या मध्यावर एकदा पाहावी, आणि मग कागदावर शेरा लिहावा.

इथे एक कळकळीची विनंती. सड्यावरचे फूल आवडले म्हणून कांदा उकरून घरी आणू नका. बोटभर मातीत वर्षानुवर्षे घट्ट बसलेला तो कांदा कुंडीत बहुधा मरतो आणि सड्यावरची जागाही रिकामी होते. जे सांभाळायचे ते जागेवर. घरात लावायला अमेरिकेच्या पाहुण्या पुष्कळ आहेत.

पण त्या पाहुण्यांचेही दिवस आता बरे नाहीत. आमच्या परसातल्या लिली कुठल्या रोपवाटिकेतून आलेल्या नाहीत. त्या आल्या कुंपणावरून. एका शेजारणीने दुसरीला दिल्या, लेकीबरोबर सासरी गेल्या, हिंदूंच्या तुळशीपासून ख्रिश्चनांच्या खुरसापर्यंत पोचल्या. देणारीने कधी पैसे घेतले नाहीत. कचेरीत काम करताना जमिनीचे कागद डोळ्यांखालून जातात. खरेदीखतात माड किती, फणस किती, विहीर कुठल्या दिशेला हे सगळे लिहिलेले असते. लिलीच्या कांद्यांचा उल्लेख मी अजून एकाही खतात पाहिलेला नाही. मग घर विकले जाते, नवा मालक दिल्लीचा किंवा मुंबईचा असतो, गाडी ठेवायला अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसतात, आणि शंभर वर्षे हातोहात चालत आलेला गड्डा त्याखाली जातो. कुणी मुद्दाम मारत नाही. पाने नसलेल्या महिन्यांत तिथे काही आहे हे कुणाला दिसतच नाही, एवढेच. सड्याचे जे झाले तेच अंगणाचे.

म्हणून एवढेच करा. गावातले जुने घर रिकामे होणार, विकले जाणार असे कानावर आले तर जानेवारी-फेब्रुवारीत, माती कोरडी आणि कांदा झोपेत असताना, घरच्यांना विचारून त्या लिलीचे चार कांदे मागून घ्या. आपल्याकडे लावा, दोन पुढच्याला द्या. देताना ती कुणाच्या परसातली हेही सांगा. मूळ गाव अमेरिकेतले असले तरी मधले गाव आपलेच आहे.